दोन पात्या आणि एकशे सतरावं पान

संपादकसाहेबांचं पत्र आलं की दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहून पाठवा. मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं शिवत बसलात, आता स्वतः लिहिणार होय? मग शिवणार कोण?" मी सरळ लिहायलाच बसलो.

आम्ही जिनगर. पणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर माळव्यात आले ते घोड्यांची जिनं शिवायला. पुढे दरबारचे घोडे कमी होत गेले आणि कागद वाढत गेले. सुई तीच, दोरा तोच, चामडंही तेच. घोड्याच्या पाठीवरून आम्ही पुस्तकाच्या पाठीवर आलो, एवढाच काय तो फरक. धारच्या बाजारात आमचं दुकान. सगळा गाव मला धोंडीभिया, म्हणजे धोंडीभाऊ, म्हणतो, अगदी माझे साडूसुद्धा.

लोकांना वाटतं पुस्तक छापखान्यातून तयार होऊन येतं. कुठलं काय! छापखान्यातून येतात मोठाले कागद. एकेका कागदावर आठ-आठ पानं, त्यातली अर्धी उलटी. त्या कागदांच्या घड्या घालायच्या, घड्या क्रमानं रचायच्या, पाठीतून शिवायच्या, कडा कापायच्या, मग पुठ्ठा आणि वर कापड नाहीतर चामडं. खळ आम्ही घरी शिजवतो. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं पुस्तकाला तोंड लावत नाहीत. मोरचूद घातलेल्या खळीची वाटी एकदा आमच्या मेव्हण्यांनी खीर समजून उचलली होती, पण ते प्रकरण घरातलं आहे, तिथेच राहू दे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. मनावरकडचे एक म्हातारे जमादार मेलेल्या घोडीचं जीन घेऊन आले. म्हणाले, "माझी पोथी यात बांध." मी बांधून दिली. पुढे भेटले तेव्हा सांगत होते, पोथी उघडली की घोडीचा वास येतो, मन लागतं. एका मास्तरांनी नऊ पुस्तकं एकातच बांधून घेतली, का तर कुणी वाचायला मागितलं तरी त्याला ते उचलून नेता येऊ नये. असे पुष्कळ आहेत. पण मला सांगायचं आहे ते भाऊसाहेबांच्या पुस्तकाचं. हातून एक चांगलं काम झालं आणि एक वाईट झालं, आणि दोन्ही त्याच पुस्तकात.

भाऊसाहेब देवासच्या थोरल्या पातीचे जुने कारभारी. आता देवास म्हणजे काय मामला होता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. गाव एक, राजे दोन. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. मधून रस्ता. रस्त्याच्या या अंगाला एकाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. दोन दरबार, दोन कारभारी, दोन कचेऱ्या. टेकडीवर देवीसुद्धा दोन, थोरली आणि धाकटी. एका दरबारानं दारात नवा कंदील लावला की आठवड्यात समोर तसाच कंदील लागायचा. भांडण असं नव्हतं. पण मान एका तसूनंही कमी पडता कामा नये, हा दोन्हीकडचा बाणा.

भाऊसाहेबांनी कारभारातून सुटल्यावर आपली हकीकत लिहिली. चांगला तीनशे पानांचा ऐवज. ती छापायची कुठे? देवासला छापावी तर छापखाना रस्त्याच्या कुठल्या तरी एका अंगालाच असणार, म्हणजे दुसरी पाती रुसणार. म्हणून भाऊसाहेब धारला आले. इथे त्यांची सासुरवाडी, मोकळं घर होतं. छापायला दिलं नानांच्या छापखान्यात आणि बांधायला आमच्याकडे. प्रती तीनशे.

नानांचा छापखाना म्हणजे एक यंत्र आणि चार पेट्या खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं. सोळा पानं जुळवली की खिळे संपायचे. ती छापायची, खिळे सोडवून पेटीत टाकायचे, मग पुढची सोळा. त्यामुळे एकदा छापलं की छापलं. मागे फिरता येत नसे. भाऊसाहेब मोठे मुत्सद्दी, पण हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. साठावं पान छापून झाल्यावर त्यांना बाराव्या पानावर एका सरदारांच्या मिशांचं वर्णन वाढवायचं होतं. नाना म्हणाले, "भाऊसाहेब, त्या मिशा आता दुसऱ्या आवृत्तीत."

बातमी देवासला पोचायला कितीसा वेळ? नानांकडे आणि माझ्याकडे माणसं यायला लागली. "सहज आलो होतो," असं म्हणत बसायची. पाणी प्यायची. मग हळूच, "आमच्या काकांचं नाव आलंय का हो?" आलं असेल तर किती ओळी आल्या? चांगलं आलंय की कसं? एकांनी पेरूंची करंडी पाठवली. दुसऱ्यांनी चिठ्ठी पाठवली की माझं नाव असेल तर काढा. आठवड्यानं दुसरी चिठ्ठी, खरंच काढलंत काय? मी पेरू खाल्ले, बोललो काही नाही. बांधणाऱ्याला पुस्तक वाचायची फुरसत नसते. घडी घालताना चार ओळी डोळ्याखालून जातात, तेवढंच.

सगळ्यात मोठी कसरत होती दोन दरबारांच्या नजराण्याच्या प्रतींची. भाऊसाहेब दुकानात येऊन खुर्ची टाकून बसले. "धोंडिबा, या दोन प्रतींत केसाचाही फरक नको."

"नाही पडणार, भाऊसाहेब."

"चामडं एकाच बकऱ्याचं पाहिजे."

"एकाच बकऱ्याचं काढतो."

"पण पाठीचं चामडं पोटाच्या चामड्याहून चांगलं असतं, हो ना?"

हा माणूस तीस वर्षं थोरल्या पातीत कसा टिकला ते मला तेव्हा कळलं. मग मी पाठीच्या मधोमध कातडं कापलं, डावी बाजू एकाला, उजवी दुसऱ्याला. सोन्याचं पान सारखं, वेलबुट्टी सारखी. तेवढ्यानं भागलं नाही. भाऊसाहेबांनी शेजारच्या सोनाराचा काटा मागवला. एक प्रत दोन गुंजा जड भरली. झालं! हलक्या प्रतीला मी शेवटी एक कोरा कागद जोडला, तेव्हा काटा मधे आला आणि भाऊसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला.

बाकीच्या प्रती शिवायच्या होत्या, पण या दोन आधी पोचवायच्या असं ठरलं. दोन्ही दरबारांच्या देवड्यांवर एकाच क्षणी. थोरल्या पातीकडची प्रत भाऊसाहेबांचा जुना शिपाई खंडू नेणार, धाकटीकडची मी. टांग्यानं महू, तिथून रेल्वेनं इंदूर, पुन्हा टांगा. पुस्तकं रेशमी रुमालात, माझ्या मांडीवर दोन्ही. टांगेवाला म्हणाला, "कंई भिया, मिठाई है कंई?" म्हटलं, नाही रे बाबा, राजकारण आहे.

देवासला सकाळीच पोचलो. मुहूर्त दुपारचा. खंडू ओळखीच्यांना भेटायला गेला आणि मी रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली बसलो. तिथे एक गृहस्थ चटईवर बसून लोकांचे अर्ज लिहून देत होते. साधारण पन्नाशीचे, अंगरखा विरलेला पण इस्त्रीचा, अक्षर असं की मी बघतच राहिलो. रुमालाकडे पाहून त्यांनी विचारलं, "भाऊसाहेबांचं पुस्तक का?"

"हो."

"प्लेगाच्या सालाचं प्रकरण आहे त्यात?"

"असावं. मी धारचा धोंडीभिया, बांधणारा माणूस. का हो?"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी रामभाऊ. थोरल्या पातीच्या कोठीवरचा कारकून होतो. मला इथे कोठारफोड्या म्हणतात."

हकीकत त्यांनी चार वाक्यांत सांगितली. प्लेगात गावाबाहेर झोपड्या घातल्या होत्या. तिथे दोन्ही पात्यांची माणसं. धाकट्या पातीच्या माणसांचं धान्य पोचायला उशीर झाला. पोरंबाळं उपाशी. भाऊसाहेब घोड्यावरून पाहणीला आले, रामभाऊंना म्हणाले, "थोरल्या कोठारातून द्या. सगळ्यांना द्या. पाती विचारू नका." रामभाऊंनी कुलूप उघडलं. साथ सरली, आणि मग दरबारात प्रश्न आला की आमच्या कोठारातलं धान्य पलीकडच्यांना कुणाच्या हुकमानं गेलं? लेखी हुकूम नव्हता. भाऊसाहेब म्हणाले, मला आठवत नाही. रामभाऊंची नोकरी गेली, वर ठपका बसला की पलीकडून काही खाऊन कोठार फोडलं.

"अकरा वर्षं झाली," रामभाऊ म्हणाले. "मी धाकट्या बाजूला राहतो, अर्ज लिहितो, पोट भरतं. पण आमची मंडळी तेव्हापासून थोरल्या बाजूला हळदीकुंकवाला गेली नाही. रस्ता ओलांडत नाही ती."

मुहूर्ताला वेळ होता. दरबारची प्रत उघडायचा मला अधिकार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी धोतराला हात पुसले आणि रुमाल सोडला. रामभाऊंनीही लोट्यातल्या पाण्यानं हात धुतले. पानं उलटत उलटत एकशे सतराव्या पानाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, मग मला ऐकू जाईल असं वाचलं. भाऊसाहेबांनी लिहिलं होतं की कोठार उघडण्याचा हुकूम माझा होता, रामभाऊनं तो पाळला, आणि विचारणा झाली तेव्हा मी भ्यालो. एवढंच. आजूबाजूला तीनशे पानं मोहिमा, मेजवान्या आणि मिशा, आणि मधे हे.

रामभाऊ काही रडले बिडले नाहीत. मोठ्यानं हसले. म्हणाले, "धोंडीभिया, एक प्रत मला पाहिजे. मंडळींना वाचून दाखवायचीय."

मी छातीवर हात ठेवला. "बाकीच्या तयार झाल्या की पहिली प्रत तुमची."

दुपारी खंडू त्या देवडीच्या पायरीवर आणि मी या देवडीच्या. एकमेकांना दिसत होतो. त्यानं पागोट्याला हात लावला, मी टोपीला लावला, आणि दोघांनी एकदम पाय उचलला. दोन्ही प्रती दाखल झाल्या. मी गावी आलो तो अगदी फुगून.

तिसऱ्या दिवशी जावईसाहेब अवतरले. भाऊसाहेबांचे जावई. थोरल्या पातीत त्यांची मोठ्या जागेवर नेमणूक व्हायच्या बेतात होती. ते आले, छापील घड्या चाळल्या, एकशे सतराव्या पानाशी आले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मामासाहेब, हे काय लिहून बसलात? कारभारी दरबाराशी खोटं बोलला, असं स्वतःच्या हातानं? माझ्या नेमणुकीच्या तोंडावर?"

भाऊसाहेब म्हणाले, "खरं आहे ते."

"खरं असेल! पण छापायचं कशाला?"

दोन दिवस घरात अबोला. मुलगी रडली. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब माझ्याकडे आले, खुर्चीवर बसले नाहीत. उभ्याउभ्या म्हणाले, "धोंडिबा, ते पान काढावं लागेल."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, मी रामभाऊंना भेटलोय."

त्यांनी मान खाली घातली. "मीही अकरा वर्षं त्यांना भेटतोच आहे, मनात. पण पोरीचा संसार आहे रे." आणि निघून गेले.

पान काढायचं म्हणजे काय ते सांगतो. घडीतलं पान नुसतं उपटता येत नाही, त्याचं जोडपान, म्हणजे त्याच कागदाचं दुसरं अर्ध, सुटतं. म्हणून ते शिवणीशी थोडी पट्टी ठेवून कापायचं, आणि त्या पट्टीला खळ लावून नवं पान चिकटवायचं. चांगला कारागीर पट्टी इतकी बारीक ठेवतो की कुणाला पत्ता लागू नये. दोनशे अठ्ठ्याण्णव पानं मी माझ्या हातानं कापली. जावईसाहेब समोर बसून मोजत होते. सगळी घेऊन गेले आणि घरच्या बंबात घातली. एकही मागे ठेवू दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतंस. म्हणायला हवं होतं. पण दरबारची कामं, चार माणसांशी बिघाड, घरात लग्नाची मुलगी, हे सगळं मनात आलं आणि सुरी चालत राहिली. भाऊसाहेबांना मी मनातून नावं ठेवत होतो आणि करत होतो तेच. लाज वाटते सांगायला. एवढंच केलं की पट्टी बारीक ठेवली नाही. चांगली बोटभर रुंद ठेवली. आंधळ्यालाही हाताला लागावी की इथून पान कापलंय. जावईसाहेबांना धंद्यातलं काय कळतं? ते म्हणाले, "मजबूत दिसतंय."

आता नवीन पानावर छापायचं काय? प्रकरण प्लेगाचं. तेवढी जागा भरायला हवी होती. जावईसाहेबांनी स्वतः मजकूर लिहून दिला, देवासच्या हवापाण्याचा. त्यामुळे झालं असं की एकशे सोळाव्या पानावर पटापट माणसं मरताहेत, आणि समोरच्याच पानावर "येथील हवा अत्यंत आरोग्यदायी असून पेरू रसाळ होतात." नाना खिळे जुळवताना इतके हसले की दोन ओळी सांडल्या.

पुस्तक बाहेर पडलं आणि पहिल्याच आठवड्यात लोकांनी पेरू पकडले. "अहो, हे मधेच काय?" मग पट्टी हाताला लागली. मग चर्चा. जावईसाहेबांना वाटलं, एवढ्यावर भागेल. तेवढ्यात त्यांना आठवलं की दोन प्रती आधीच गेल्या आहेत, आणि त्या दोघींत जुनं पान आहे.

झाली धावपळ. जावईसाहेब देवासला गेले. थोरल्या पातीत अर्ज केला की नजराण्याच्या प्रतीत बांधणीचा दोष राहिला आहे, दुरुस्तीसाठी परत मिळावी. दोष म्हणे माझा! तिथून उत्तर आलं की प्रत दरबारी दाखल झाली आहे, धाकट्या पातीनं आपली परत केली की आम्ही करू. मग ते रस्ता ओलांडून धाकट्या पातीत गेले. तिथे उत्तर, "थोरल्यांची जाऊ द्या आधी. थोरले ते थोरले." मग ठरलं की दोघांनी एकाच वेळी द्यावी. कुठे? रस्त्याच्या मधोमध. मग प्रश्न आला की मधोमध म्हणजे नेमकं कुठे? मोजणीदार आले, सुतळी धरली. दोन्हीकडच्या मोजणीदारांचा मध्य जुळेना. त्यांच्यात वीतभर अंतर पडलं. महिना गेला, दुसरा गेला. पुस्तकं जिथल्या तिथे.

आणि या सगळ्यात दोन्ही दरबारांना एक शंका आली. एवढं परत मागताहेत, म्हणजे आहे तरी काय त्यात? थोरल्या पातीत प्रत वाचायला काढली. हे धाकट्या पातीला कळलं, त्यांनीही काढली. दोन्हीकडे एकशे सतरावं पान भर मंडळींत मोठ्यानं वाचलं गेलं. जे पान तीनशे प्रतींत राहिलं असतं तर कदाचित पन्नास जणांनी वाचलं असतं, ते दोन प्रतींतून सगळ्या गावानं ऐकलं. जावईसाहेबांची नेमणूक झाली, त्याला कुठे धक्का लागला नाही. दरबारातले म्हातारे म्हणाले म्हणे, सासरा निदान खरं तरी लिहितो. पानं जाळली ती फुकट जाळली.

पण रामभाऊंची प्रत? मी पाठवलीच नव्हती. पेरूवाली पाठवायला तोंड नव्हतं आणि दुसरी नव्हती. मी देवासच्या बाजूला जायचंच बंद केलं. कुणी तिकडचं काम आणलं तर सांगायचो, सध्या हात दुखतोय.

एके दिवशी सकाळी खळ शिजवत होतो, तर दारात रामभाऊ. तोच इस्त्रीचा अंगरखा. मी पळीसकट उभा राहिलो. म्हटलं, "रामभाऊ, मी तुमच्याशी खोटं बोललो. पान मीच कापलं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पट्टी बघितली. बाजारात विकत घेतली मी प्रत." आणि पिशवीतून पुस्तक काढलं. त्याबरोबर दोन कागद. दोन्हींवर त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात एकशे सतरावं पान उतरलेलं. खाली शिक्का. एकावर थोरल्या पातीच्या दप्तराचा, एकावर धाकटीच्या, 'मुळाबरहुकूम' म्हणून.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एकाच कागदावर करायला दोन्ही दरबार तयार होते. पण वर शिक्का कुणाचा नि खाली कुणाचा, यावरून अडलं." आणि ते पुन्हा तसेच मोठ्यानं हसले. "पेरू काढा आणि ही दोन्ही लावा."

मी पेरू काढले. बोटभर पट्टी होतीच, दोन्ही कागद त्यावर बसले. काम करताकरताच मी समोरच्या वाण्याच्या हाती भाऊसाहेबांकडे निरोप धाडला. ते येतील असं वाटलं नव्हतं. आले, अनवाणी, पागोट्याशिवाय, घरातून उठले तसे. रामभाऊ सवयीनं उठून उभे राहिले. मागे खळ बुडबुडत होती.

भाऊसाहेबांनी पुस्तक बघितलं, दोन्ही शिक्के बघितले. म्हणाले, "दौत आण, धोंडिबा. मी खाली सही करतो."

रामभाऊ म्हणाले, "सही नको, साहेब. सही झाली, दोन दरबारांची झाली. आमच्या मंडळींना अक्षरं येत नाहीत. तुम्ही येऊन सांगाल का?"

भाऊसाहेब सत्तरीचे. धार ते देवास म्हणजे काही शेजार नव्हे. मला वाटलं, प्रकृतीची सबब सांगतील. ते म्हणाले, "उद्या निघू."

मीही गेलो. पुस्तक ओलं होतं, दाबून धरायला कुणीतरी हवं होतं, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हो हो, त्यासाठीच जा."  देवासला टांगा थोरल्या बाजूला थांबवायला सांगितला भाऊसाहेबांनी. ज्या रस्त्याची सीमा तीस वर्षं सांभाळली, तो भर दुपारी, सगळ्या दुकानदारांदेखत, पायी ओलांडला. मागे रामभाऊ, त्यांच्या मागे पुस्तक छातीशी धरून मी. लोक ओट्यांवर उभे राहिले.

रामभाऊंचं घर दोन खोल्यांचं. काकू आतल्या दाराआड उभ्या होत्या, नुसता पदर दिसत होता. भाऊसाहेब बाहेरच्या खोलीत उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. दरबारात बोलायची त्यांची एक ठेवणीतली शैली होती, मोठमोठी वाक्यं. ती त्या दिवशी एकही सुचली नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "कोठार उघडायचा हुकूम माझा होता. रामभाऊंनी पाळला. मी खोटं बोललो."

 आतून बांगड्या वाजल्या आणि काकू बोलल्या. आवाज शांत होता.

"हुकूम कुणाचा होता ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, साहेब. ज्यांच्या पोरांना ते धान्य मिळालं त्या बाया आमच्या विहिरीवर पाणी भरतात. त्यांनी घोड्यावरून बोलताना तुम्हाला ऐकलं होतं. मला पुस्तकबिस्तक काही नको होतं. तुम्ही किती वर्षांनी याल, एवढंच बघत होते."

भाऊसाहेब खाली बसले, ओल्या शेणाच्या सारवणावरच. काकू बाहेर आल्या, त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि रामभाऊंना म्हणाल्या, "पानं मांडा. सगळे जेवूनच जातील."

जेवणं झाली. माझ्या हातातलं पुस्तक अजून ओलं होतं, ते काकूंनी कोनाड्यात ठेवलं आणि वर पाटा ठेवला, दाब बसावा म्हणून. धंद्यातल्या माणसाला शोभेल असं काम. मग त्यांनी दुसरं लुगडं नेसलं, कुंकवाचा करंडा घेतला आणि उंबऱ्यापाशी येऊन म्हणाल्या, "मी जरा पलीकडे जाऊन येते."